आत्याबाईच्या चढावरील स्वारी आणि चौतीस दात्यांची मसलत

विचारणा जाहली की, आत्याबाईचा चढ भिंगरावांनी कैसा सर केला, मसलत कोणाची, हिंमत कोणाची, आणि अपेश दारापर्यंत येऊन माघारी कैसे गेले, हे यथास्थित लिहावे. त्यास, ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांनी थोडे सांगितले, ज्यांनी पाहिले नाही त्यांनी पुष्कळ सांगितले, आणि उभयतांचे ऐकून, निवडून, पाखडून जे हाती आले ते येथे लिहिले आहे. वाचणाराने पदरचा मीठमसाला घालू नये; तो घातलाच आहे.

भिंगराव म्हणजे बाजाररस्त्यावरील चष्म्यांच्या दुकानाचे धनी. नाव वेगळे, परंतु गल्लीने हा किताब बहाल केला आणि तो अंगास चिकटला. मोठे पारखी. अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाईक बसवावे, नाकावर लोखंडी चौकट चढवावी, एक भिंग काढून दुसरे घालावे, आणि 'हे बरे की ते बरे' ऐसे पुसत पुसत नेमका नंबर हुडकून काढावा, यांत त्यांचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. उमर पन्नाशीपार, पोट दरबारी, आणि छंद सायकलीचा. सायकल पातळ चाकांची, वाकड्या शिंगांची, शर्यतीच्या घराण्यातील, आणि तिजवर स्वार होऊन भिंगराव दर रविवारी टेकडीवर आपल्या वडील भगिनी ताईसाहेब यांच्या भेटीस जात.

टेकडीचा रस्ता मोठा कपटी. सायकलवाले त्यास आत्याबाई म्हणत, कारण आरंभी गोड बोलून जवळ बोलावी आणि पहिले वळण गेले की खरे रूप दाखवी. दुसऱ्या वळणापासून चढ ऐसा उभा राही की भिंगरावांचे पाय पेडलावर थिजत, छाती भात्यासारखी चाले, आणि मग स्वारी इकडे तिकडे पाहून खाली उतरे व सायकल हाताने ढकलीत चाले. शेवटल्या वळणाशी पाण्याची टाकी होती. तिच्या आडोशास थांबावे, घाम पुसावा, सदरा नीट करावा, पुनः स्वार व्हावे, आणि उरलेल्या सपाट रस्त्याने घंटी वाजवीत ताईसाहेबांच्या दारी दौडत जावे, ऐसा दस्तूर पडून गेला होता. ताईसाहेबांच्या दिवाणखान्यातून टाकीपुढचाच रस्ता दिसतो, हे भिंगरावांनी पूर्वीच हेरून ठेवले होते. ताईसाहेबांनी पुसावे, 'उतरलास का रे कुठे?' आणि यांनी सांगावे, 'छे, एका दमात आलो.'

ही थाप भिंगरावांस आतून खात होती. कारण त्यांस सायकल शिकविली ती ताईसाहेबांनीच. सीट धरून मैदानभर धावल्या, आणि हात सोडल्यावरही 'धरलंय मी, धरलंय' म्हणत मागून पळत राहिल्या. सबब बाकी जगास थाप मारली तर झोप लागे, ताईसाहेबांस मारली की उशी टोचे. पुढल्या खेपेस खरोखर चढू म्हणजे झाले, ऐशी स्वतःची समजूत घालून त्यांनी वर्षे काढली. तो खबर आली की, ताईसाहेबांच्या गुडघ्यांनी दगा दिला, जिना उतरवत नाही, तस्मात टेकडीवरील घर सोडून त्या लेकीकडे परगावी राहावयास जाणार, आणि सोमवारी सामानाचा ट्रक येणार. म्हणजे रविवार एकच उरला. भिंग पुसता पुसता भिंगराव थांबले, आणि थाप खरी करावयाची तर आता, नाही तर राहूनच गेली, हे त्यांस कळून चुकले.

मग खलबत जाहले. सायकलमंडळींचे म्होरके वादळराव, विमा कचेरीतून निवृत्त, बोलण्यात वादळ आणि रस्त्यात झुळूक, यांस पाचारण केले. येथे वाचणाराच्या सोयीसाठी सांगणे प्राप्त की, सायकलीस पुढे पेडलापाशी चकती आणि मागल्या चाकावर लहानमोठ्या चकत्यांची उतरंड असते, आणि मागली चकती जितकी मोठी, जितक्या अधिक दात्यांची, तितका पाय हलका व चाल सावकाश. भिंगरावांची मागली सर्वांत मोठी चकती पंचवीस दात्यांची, म्हणजे सपाटीवर पळणाऱ्या पोरांची. ती वादळरावांच्याच मसलतीने घेतलेली. वादळरावांनी पुनः बजाविले की, मोठी चकती लावणे म्हणजे सायकलीस काठी देणे होय, दोन चकत्यांमध्ये अंतर वाढून पायाची लय मोडते, आणि मर्दाने पाय कमवावे, दाते वाढवू नयेत. ऐसे बोलून ते दोन कप चहा पिऊन रवाना जाहले.

दुकानाच्या गल्ल्यावर कारभारीणबाई, म्हणजे भिंगरावांचे कुटुंब, बसत. त्यांजपाशी साधी सायकल होती, बाजारहाटाची, आणि तिला मागे थाळीएवढी चकती होती. त्या भाजीची पिशवी लावून, शेजारणीशी बोलत, कोणताही चढ चढत. त्यांनी अर्ज गुदरला की मोठी चकती लावून बघावी. भिंगरावांनी अर्ज फेटाळला.

त्याच दिवशी दुकानी एक मुख्याध्यापिका आल्या. त्यांस लांबचे दिसेना, परंतु जाड भिंग नको होते. चौकट चढविली तो बाईंनी तक्त्यावरील अक्षरे खालच्या ओळीपर्यंत धडाधड म्हणून दाखविली. भिंगरावांस संशय आला. त्यांनी हळूच तक्ता पालटून दुसरा लाविला, तरी बाई पहिलीच अक्षरे म्हणत राहिल्या. बाहेर बसल्या बसल्या पाठ करून आल्या होत्या. तेव्हा भिंगराव तापले.

"बाई, नंबर डोळ्याला लागतो तो घ्यायचा असतो, मनाला आवडतो तो नाही. मला फसवाल हो, पण रस्ता ओलांडताना गाडीला कसं फसवणार?"

बाई ओशाळल्या आणि लागेल तो नंबर कबूल करून गेल्या. कारभारीणबाई चष्म्याच्या घड्या घालीत होत्या, त्या मान वर न करता बोलल्या.

"छान समजावलंत. आता हेच जरा सायकलीला सांगा."

भिंगराव अंधाऱ्या खोलीत गेले, रिकाम्या खुर्चीवर गिऱ्हाईकासारखे बसले, आणि बऱ्याच वेळाने बाहेर येऊन हुकूम केला की, दुकान अर्धा दिवस बंद ठेवावे व सायकल दुरुस्तीवाल्याकडे कूच करावे.

दुरुस्तीवाले पान्हेबहाद्दर हे कारागीर खरे, परंतु जिभेस ब्रेक नाही आणि उमेदीस तर मुळीच नाही. कोणतीही वस्तू कोणत्याही वस्तूस बसेल, ऐशी त्यांची श्रद्धा. त्यांनी अठ्ठावीस, बत्तीस आणि चौतीस दात्यांच्या चकत्या मांडल्या. भिंगरावांची नजर अठ्ठावीसवर गेली, कारण तीत इभ्रतही राहते आणि काही केल्याचे समाधानही मिळते. परंतु कारभारीणबाईंनी फर्माविले की, नंबर तपासल्याखेरीज चष्मा नाही. दुकानामागे इमारतीच्या तळघरातून गाड्या वर येण्याचा उतार होता. त्याखाली भिंगरावांस उभे केले आणि शर्त घातली की, चढताना डोळे तपासण्याचा तक्ता तोंडपाठ म्हणावा. श्वास पुरला आणि खालची ओळ आली तर चकती पसंत, ओळ मध्येच तुटली तर रद्द. वर पोहोचणे पुरेसे नाही. आत्याबाईचा चढ या उताराहून पुष्कळ लांबलचक आहे, तेव्हा दम शिल्लक राहिला पाहिजे.

अठ्ठावीसवर भिंगराव तिसऱ्या ओळीस गळाठले. मग पान्हेबहाद्दरांनी बत्तीसची लाविली व 'बसेल की, न बसायला काय झालं' म्हणून पाठ थोपटली. भिंगरावांनी पेडल मारले मात्र, मागून दळण दळल्यासारखा आवाज आला, साखळी अडकली, आणि स्वारी उतारावरून उलटी घरंगळत तळघरात दाखल जाहली. खांबाने अडविली म्हणून बचावली. पाहणी केली तो कळले की, साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा जो मागला झुलता हात, तो शर्यतीच्या सायकलीस आखूड असतो. त्याच्याने मोठी चकती पेलवत नाही. लांब हात पाहिजे, आणि साखळीही लांब पाहिजे. साखळी दुकानात होती. हात मागवावा लागणार, आणि तो येणार मंगळवारी.

मंगळवारी ट्रक निघून गेलेला असणार. भिंगराव तळघरातील खांबास टेकून बसले. कोपर खरचटले होते, परंतु डोळ्यांत पाणी आले ते कोपरासाठी नव्हे.

तेव्हा कारभारीणबाई उठल्या, घरी गेल्या, आणि आपली बाजारहाटाची सायकल ढकलीत घेऊन आल्या. म्हणाल्या, "हिचा हात लांब आहे ना? काढा."

"वहिनी, मग ही चालायची नाही," पान्हेबहाद्दर बोलले.

"मला रविवारी कुठे सायकलवर जायचंय? मी सकाळच्या बसने वर जाते, ताईंची भांडी बांधायला."

येणेप्रमाणे कुमक पोहोचली. हात काढून हात लाविला, लांब साखळी चढविली, आणि पुनः तपासणी मांडली. बत्तीसवर भिंगराव शेवटल्या ओळीआधी अडखळले. चौतीसवर तक्ता पुरा म्हणून वर गेले, आणि वर गेल्यावर विचारले की आता काय म्हणू. कारभारीणबाईंनी पुसले, 'हे बरे की ते बरे?' आणि भिंगरावांनी आयुष्यात प्रथमच गिऱ्हाईकाच्या बाजूने उत्तर दिले, 'हे बरे.' चौतीसची कायम जाहली.

रविवारी सकाळी स्वारी निघाली. आत्याबाई पहिल्या वळणापर्यंत गोड बोलली. दुसऱ्या वळणास चढ उभा राहिला, आणि भिंगरावांनी बोटाने खटका दाबून साखळी चौतीसवर चढविली. पाय भराभर फिरू लागले आणि सायकल मात्र सावकाश चालू लागली. सायकलमंडळींची तुकडी मागून आली, मोठी चकती पाहून कोणी खाकरले, कोणी हसले, आणि पुढे गेली. भिंगरावांचे कान तापले. क्षणभर वाटले की लहान चकतीवर यावे आणि दोन हात करावे. परंतु त्यांनी तक्त्याची पहिली ओळ म्हणावयास घेतली, आणि हात खटक्यापासून दूर ठेविला.

तिसऱ्या वळणापलीकडे वादळराव रस्त्याच्या कडेस सायकल उभी करून फोनवर 'हो, बोला, बोला' म्हणत होते. फोनचा पडदा बाहेरच्या बाजूस होता आणि तोही काळा, आणि दुरून बारीक पाहणे हा तर भिंगरावांचा धंदा. चिमटा काढण्याची बहुत संधी होती. तरी टाकीमागचा आपला आडोसा आठवून त्यांस वादळरावांची माया आली, आणि ते नुसती मान डोलावून पुढे गेले. मग टाकी आली. पाय सवयीने थांबू पाहत होते. भिंगरावांनी थांबू दिले नाहीत, आणि घामाने निथळत, चुरगळलेल्या सदऱ्यानिशी, तक्त्याची शेवटली ओळ मोठ्याने म्हणत दारी दाखल जाहले. घंटी वाजविण्याचे भान राहिले नाही.

दार ताईसाहेबांनी उघडले. मागे दिवाणखान्यात खोक्यांची रास, आणि त्यांत कारभारीणबाई वर्तमानपत्रात पेले गुंडाळीत बसलेल्या. भावास पाहून ताईसाहेब गोंधळल्या आणि बोलून गेल्या,

"एवढ्यात कसा आलास? अरे, चहाचं आधण ठेवलंच नाही मी. आतल्या खिडकीला खोकी लागलीत ना, रस्ताच दिसला नाही, म्हणून घड्याळ बघत होते; तुला यायला अजून अवकाश होता. एरवी तू त्या दुसऱ्या वळणावर उतरलास की ठेवते."

मग काय बोललो हे त्यांच्या ध्यानी आले, आणि त्यांनी पदराने उगाच हात पुसले. भिंगराव उंबऱ्यातच उभे राहिले.

"तुला दिसायचं?"

"स्वयंपाकघरातून सगळा रस्ता दिसतो रे."

"सगळी वर्षं? मग बोलली का नाहीस?"

"बोलायचं काय त्यात? तू येत होतास ना."

कारभारीणबाईंनी हातातला पेला खाली ठेविला. भिंगरावांस हसू आले आणि रडूही आले, आणि दोहोंपैकी कोणते आधी बाहेर पडले याविषयी सांगणारांत एकवाक्यता नाही. तूर्त इतके खरे की, ताईसाहेबांनी भावाचा ओला सदरा आणि लाल तोंड वरपासून खालपर्यंत न्याहाळले, मग वळून स्वयंपाकघरातील रिकाम्या पातेल्याकडे पाहिले, आणि काही न पुसता त्याच्या डोक्यावरून हात फिरविला.

सबब नोंद करण्यात येते की, येणेप्रमाणे आत्याबाईचा चढ चौतीस दात्यांच्या बळे, कारभारीणबाईंच्या कुमकेने, पाय कोठेही न टेकता फत्ते जाहला. निशाण लागले नाही, नगारा वाजला नाही, पुरा चढ पाहणारा एकही साक्षीदार नाही. फत्तेस दाखला मागाल तर चहा त्या दिवशी उशिरा जाहला, हा एकच. आणि तो भावंडांस पुरला.