राणीसाहेबांच्या शंखमानेची हकीकत

श्रीनीळकंठ प्रसन्न. ज्या देवाने विष गळ्यात धरिले, गळा काळानिळा जाहला, आणि तो झाकावयास शेला मागितला नाही, त्या देवास आधी दंडवत. शके सोळाशे पंचाहत्तर, श्रीमुखनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एका राज्यी वर्तमान ऐसे जाहले. राज्याचे नाव लिहिणे नाही. लिहिले तर शेजारची राज्ये हसतील, आणि त्यांचेही घरी तेच आहे.

ते राज्यी राणी मैनाबाईसाहेब. माहेर घाटमाथ्याचे, रंग सावळा, अंगावर आणिलेले सोने थोडे, आणि गळा मात्र ऐसा गोड की हौसेने जात्यावर बसोन ओवी घेतली तर पहारेकरी पहारा विसरत. नवी नवरी आली तेव्हा सासरच्या बायकांनी नाके मुरडली, "रानातली पोर, हिला दागिना घालावयास मान तरी कोठे आहे" ऐसे बोलिल्या, आणि ते बोल बाईसाहेबांनी काळजात काट्यासारखे ठेविले. पुढे लेक गजराऊ उपवर जाहली, ते साली एके सकाळी आरशापुढे पाण्याचा घोट घेता बाईसाहेबांस दिसले की गळ्याच्या मुळाशी सुपारीएवढे काही घोटासरसे वर उचलते आणि पुन्हा खाली बसते. मग दाऊद जर्राह, जो शस्त्राने रोग काढण्यात मोठा हुन्नरी, त्यास बोलाविले, आणि त्याने गळा बोटांनी चाचपिला आणि बोलिला, "बाईसाहेब, भिऊ नका. डोंगरात ऐशा गाठी घरोघर. आपल्या कोणास होती?" बाईसाहेब बोलिल्या, "आजीस होती, आंब्याएवढी. म्हातारी गाठीसकट नातवंडांच्या लग्नांत नाचली आणि गेली ती तापाने." दाऊद हसला. "मग झाले तर! जी गाठ गप्प बसते तिला सुरी दाखवू नये. परंतु ही वाढू लागली, दगडासारखी जाहली, घास अडवू लागली, उताणे निजता दम कोंडू लागला, किंवा आवाज घोगरा होऊन सुटेना, तर यांतले एक जरी जाहले तरी मुहूर्त पाहू नका. मला बोलवा." गजराऊ आईस खेटून बसली होती, तिने अक्षर न् अक्षर ऐकिले. मग तिचे लग्न जाहले आणि ती दूरदेशी सासरी गेली.

इकडे गाठ लिंबाएवढी जाहली. एके दिवशी मेजवानीत भानुभट कवी, ज्यास तुपाचा वास आला की श्लोक सुचे, त्याची नजर बाईसाहेबांचे गळ्यावर गेली आणि तो उठोन बोलिला की शास्त्रांत सुंदर स्त्रीची मान शंखासारखी सांगितली आहे, ती आजवर पोथीत होती, आज डोळ्यांनी पाहिली. महाराज बहुत खूष जाहले, भटास शेला दिला, आणि सोनारास हुकूम जाहला की शंखमानेस शोभेल ऐशी रुंद ठुशी करावी. जिला मान नाही म्हणत होते तिची मान दरबारी गाजली, आणि बाईसाहेबांस ते गोड लागले. खोटे कशास लिहावे, फार गोड लागले. त्या दिवसापासून राज्यात गाठ हा शब्द कोणी उच्चारीना, लुगड्याच्या गाठीससुद्धा बायका "बांधले ते" म्हणों लागल्या.

मग भाकरीचा तुकडा गळ्यात अडो लागला आणि बाईसाहेब पंक्तीत ठसकल्या, तर कारभारी आबाजी नरहर यांणी फर्माविले की राजघराणे आजपासून पेज घेईल, चावणे हे कुणब्याचे काम. सरदार पंक्तीत पेज भुरकत आणि तबेल्यात जाऊन घोड्यांचे आडून भाकरी खात. मग उताणे निजवेना, लोडास टेकून बसल्या बसल्या डोळा लागे, तर हुकूम जाहला की मानकऱ्याने आडवे होऊ नये, आणि सारा दरबार दिवसा घोरू लागला. मग आवाज घोगरा जाहला, पडसे म्हणोन वाट पाहिली, पावसाळा गेला तरी सुटला नाही, तर हुकूम की थोरांनी कुजबुजावे. पहारेकरी "हुशार!" ऐसे कुजबुजत आणि चोर बहुत सुखी जाहले. मग पुढच्या सालच्या दसऱ्यास हत्तीचे कपाळी कुंकू लावावयास बाईसाहेबांनी दोन्ही हात वर केले, तो तोंड जांभळे पडले, शिरा फुगल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर हुकूम की या राज्यात कोणाचा हात खांद्याचे वर जाऊ नये. मुजरा कमरेपाशी होऊ लागला. दर हुकुमास बाईसाहेब मनात दाऊदचे बोल घोकीत, हेही जाहले, हेही जाहले, आणि ठुशी सारखी करीत. बोलावे तर शंख फुटतो. न बोलावे तर आपण फुटतो. आणि दाऊदास तर कारभाऱ्यांनी केव्हाच सरहद्दीच्या छावणीत धाडिला होता.

ऐशा समयी गजराऊ बाळंतपणास माहेरी आली. पंक्तीत जरीच्या पगड्या पेज भुरकताना पाहोन तिला हसू आवरेना. "अगंबाई, साऱ्या राज्याचे दात पडले की काय?" मग आईपाशी गेली आणि हसू जागीच मेले.

"आईसाहेब, ठुशीखाली काय?"

"मान."

"मानेवर काय, ते विचारते." आणि तिने हात घातला. "हे तर कवठ आहे! आणि कवठासारखेच टणक! दाऊद काय बोलिला होता?"

बाईसाहेब कुजबुजल्या, "त्याने सांगितले ते सर्व जाहले, बाळे. एकही बाकी नाही."

"मग त्यास बोलाविले का नाही?"

"पहिल्याने गोड वाटले. मग भय वाटले. मग बोलवावयास आवाजच राहिला नाही." आणि लेकीचे कानाशी तोंड नेऊन, जात्यावरचा सूर नव्हता, नुसता वारा होता, त्या वाऱ्यात एक ओवी सांगितली:

गळ्याच्या गाठीला माझ्या, कुणी म्हणंना गं गाठ
सोन्यानं मढविली, माझ्या श्वासाची ती वाट

गजराऊ भरल्या दिवसांची, तशीच कारभाऱ्यांकडे गेली. आबाजी नरहर बहुत अदबीने, कमरेपाशी मुजरा करोन बोलिले, "ताईसाहेब, कापिली तर ती मुळी होतीच ऐसे ठरते. मग महाराजांनी दिलेले शेले, भटजींचे श्लोक, दरबाराची पेज, यांचे काय करावे?" ती बोलिली, "आणि आई मेली तर?" कारभारी बोलिले, "तर शंखमानेची राणी कैलासी गेली. त्यास श्लोक तयार आहे."

पुढे गजराऊस कन्या जाहली. बारशाचा दिवस आला, पाळणा सजविला, महाराज आणि दरबारी मंडळीही येऊन बसली, आणि रीत ऐसी की पाळण्याची पहिली ओळ आजीने गावी. बाईसाहेबांनी दोरी हाती घेतली, तोंड उघडिले, आणि सूर आला नाही. ओठ हालले. तो साऱ्या सरदारणींनी जाणिले की नवा रिवाज निघाला, आणि सर्व बायका मुक्याने ओठ हालवू लागल्या. भरला दिवाणखाना, शंभर तोंडे गातात, आणि आवाज एकच, पाळण्यात पोर रडते त्याचा. ते ऐकोन बाईसाहेबांचे आत काही तुटले. हीच पोर उद्या मोठी होईल आणि हिलाही कोणी मुक्याने गावयास शिकवील, ऐसे मनात आले, आणि दोरी सोडोन बाईसाहेब उभ्या राहिल्या, गळ्यातली ठुशी काढोन पायाशी टाकिली, आणि दोन्ही हात कानांस लावोन आभाळाकडे उभे केले. महाराजांदेखत तोंड लाल जाहले, मग जांभळे, मग वांग्यासारखे काळे. भानुभटाने रिवाज समजोन आपलेही हात वर केले. बाईसाहेबांनी हात खाली आणिले नाहीत. उरल्या वाऱ्यानिशी बोलिल्या, "गाठ आहे. बघा. माझ्या गळ्यात गाठ आहे." आणि कोसळल्या.

मग महाराज, जे कुजबुजावयाचे, ते ओरडले. दाऊदास सांडणीवरून आणिले. त्याने गळा चाचपिला आणि विचारिले, "आवाज केव्हा बसला?" गजराऊ बोलिली, "दोन पावसाळे जाहले." दाऊद बोलिला, "त्या पहिल्या पावसाळ्यात बोलाविते तर आवाजही मागून घेतला असता. आता आवाजाची शीर गाठीने गिळिली. प्राण मागतो. त्याचाही वायदा करीत नाही." महाराजांनी मान खाली घातली. बाईसाहेबांनी होकारार्थी डोळे मिटले. मग अफू दिली, आणि गजराऊने आईचे मस्तक मांडीवर धरिले, आणि दाऊदाने गाठ काढिली. बाईसाहेब वाचल्या. उताण्या निजल्या, भाकरी चावून खाल्ली, आणि पुन्हा कधी बोलिल्या नाहीत.

कारभाऱ्यांनी दवंडी पिटविली की राणीसाहेबांनी मौनव्रत घेतले. दाऊदास शालजोडी दिली आणि सरहद्दीपार पोचविला. भानुभटाने मौनावर श्लोक केला, त्यास पुन्हा शेला मिळाला. ती ओवी राज्यात कोणी म्हणों नये ऐसा हुकूम जाहला, म्हणोन ती घरोघर जात्यावर गेली, आणि बायकांनी तिला एक जोडही दिली:

सुपारी होती तवा, कुणी बघितली न्हाई
कवठ झालं तवा, गळ्यात सूर न्हाई

नात पाळण्यात रडे तेव्हा बाईसाहेब दोरी ओढीत आणि ओठ हालवीत, आणि गजराऊ आईचे ओठांकडे पाहोन मोठ्याने गाई. पोर निजे ते आजीचे गळ्यावरील वणावर मूठ ठेवोन.

इतके घडले, इतके लिहिले. राजे, कारभारी, कवी यांचे काही गेले नाही. गेला तो एक आवाज. वाचणाऱ्याने पोथी मिटावी, आरशापुढे पाण्याचा एक घोट घ्यावा, आणि जे दिसेल त्यास त्याच्या नावाने हाक मारावी.