गोळी घेतल्यानंतरचं आश्वासन

आष्टीकडच्या ओढाकाठ सर्वांगीण विकास समितीचे अध्यक्ष गहिनीनाथ आप्पा यांना झोप येईनाशी झाली. दिवसभर दिलेली आश्वासनं रात्री अंथरुणाभोवती गोळा होत. पुढाऱ्यांत हा आजार दुर्मिळ असल्याने डॉक्टरांनी त्यांना दोनदा तपासलं आणि मग झोपेची गोळी लिहून दिली. वर बजावलंही की, दिवसभराचं ऐकलं-बोललं मेंदू झोपेतच जागच्या जागी लावून ठेवतो. पण ही गोळी पोटात गेल्यावर जे बोलाल ते डोक्यात टिकेलच असं नाही. तेव्हा गोळी घ्यायची आणि सरळ आडवं व्हायचं.

आप्पा गोळी घेऊन आडवे होणार, तोच चंद्रभागाबाई दारात आली. ओढ्याला पाणी आलं की तिची नात करिष्मा शाळेला मुकत होती. नुसता पायी जाण्यापुरता पूल हवा होता. आप्पांनी ट्रॅक्टर जाईल असा पूल कबूल केला, वर कठडाही दिला.

दुसऱ्या दिवशी ती विचारायला आली, तर आप्पांना त्यातलं अक्षर आठवेना.

"मला आठवत न्हाई," ते म्हणाले, आणि स्वतःच चपापले. हे वाक्य ते राजकारणात आल्यापासून म्हणत होते. खरं मात्र आज पहिल्यांदाच होतं. खोटं न बोलताही शब्द फिरवता येतो, या समाधानात त्यांना त्या दुपारी गोळीशिवाय डुलकी लागली.

पुढे ते बैठकीला निघतानाच गोळी घेऊ लागले. उपाध्यक्ष बंकटरावांनी त्यावर हरकत घेतली. विस्मरणाचा लाभ सर्व सदस्यांना समप्रमाणात मिळावा, असा ठराव झाला. आधी गोळ्या, मग जनतेची गाऱ्हाणी, मग आश्वासनं, मग गाद्या. मागील सभेचं इतिवृत्त कोणालाच आठवत नसल्याने ते एकमताने मंजूर होई.

करिष्माने दप्तर खुंटीला टांगलं आणि ती शेळ्यांमागे जाऊ लागली. चंद्रभागाबाई मात्र दर बैठकीला येऊन मागचं सगळं तोंडपाठ सांगे. आप्पांना तिची मनापासून काळजी वाटली. त्यांनी तिला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. बाईला लई आठवतं, इलाज करा, खर्च समिती करील, असं डॉक्टरांना सांगितलं.

डॉक्टरांनी गोळी पुढे केली. बाईने ती परत सरकवली.

"आप्पा, मी बी इसरले, तर पोरीला साळंला धाडायचं हाय हे ध्यानात कोन ठिवील?"

आप्पांच्या आत कुठेतरी कळ उठली. ती वाढू नये म्हणून त्यांनी तीच गोळी उचलून तोंडात टाकली आणि लगोलग दोन पूल कबूल केले.

बाकावर बसलेल्या एका पेशंटने हे मोबाईलवर टिपलं. व्हिडिओ जिल्ह्याबाहेर गेला. लाखोंनी तो पाहिला, हळहळ केली, पुढे पाठवला. बहुतेकांनी तो अंथरुणात पडल्या पडल्या, झोप लागेपर्यंत पाहिला होता. सकाळी कोणाच्या डोक्यात त्याचा मागमूस नव्हता. त्यांना गोळीसुद्धा लागली नाही.

पूल अजून व्हायचा आहे. तुम्हीही तो व्हिडिओ पाहिला होता. खाली रागाचं लाल तोंड उमटवलं होतंत.

नाही आठवत?