‘भ’ला मान वळवणाऱ्या कुंदाताई

मी आयुष्यात गाढवपणे पुष्कळ केले, पण त्यातल्या एकाला तोड नाही. जिची गाणी गुणगुणत मी अर्धं आयुष्य पोळ्या लाटल्या, त्या बाईला मी भर भजनात सांगितलं, “अहो, तुमचा सूर खाली लागतोय. जरा वर घ्या की!” तेव्हा मी एकाहत्तर वर्षांची होते. म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता.

ती बाई म्हणजे आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या कुंदाताई रेगे. पनवेलला वडाळे तळ्याच्या अंगाला आमची सोसायटी आहे, तिथे त्या एकट्याच राहायला आल्या. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या. पाठ ताठ, केस कानापर्यंत कापलेले, अंगावर धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती पातळ, आवाज बसका. पहिल्याच दिवशी विरजण मागायला आल्या. दारात चपला काढल्या, पाय जुळवून उभ्या राहिल्या आणि “भांडं आणलंय” म्हणताना ‘भां’ला मान भिंतीकडे वळवली आणि ‘डं’ला परत माझ्याकडे आणली. मला वाटलं, मानेत उसण भरली असेल. मी तिळाचं तेल कोमट करून चोळायला सांगितलं. त्यांनी ते मुकाट्याने ऐकून घेतलं.

पुढे लक्षात आलं की प, फ, ब, भ ही अक्षरं त्या कुणाच्या तोंडावर म्हणतच नाहीत. पडवळ, फरसबी, भेंडी, सगळी भाजी त्या हवेतच बाजूला मागायच्या. भाजीवाला बिचारा मागे कोण उभं आहे ते वळून बघायचा. मी एकदा विचारलंच. तर म्हणाल्या, “हवा फुटते गं.” कसली हवा, कुठे फुटते, काही नाही. विषय बंद.

फोनचा तर सोहळाच. घंटी वाजली की आधी हातातल्या पाटल्या काढून रुमालात गुंडाळायच्या, मग पंखा बंद करायचा, मग खिडकी लावायची, मग फोनसमोर वीतभर अंतर सोडून उभं राहायचं. तोवर फोन थकून गप्प झालेला असायचा. कुंदाताई शांतपणे पाटल्या परत घालायच्या.

आणि उलव्याच्या बाजूने विमानं उडायला लागल्यापासून तर त्यांचं बोलणं ऐकायला सवड काढूनच बसावं लागतं. वाक्याच्या मध्ये विमान आलं की त्या हात वर करतात. आपणही थांबायचं. विमान गेलं की “पुन्हा एकदा, मुखड्यापासून,” असं म्हणून तेच वाक्य पहिल्या शब्दापासून. अर्धं सोडलं तिथून उचलायची पद्धत त्यांच्यात नाही. आमच्याकडे उरणहून हिराबाई कोळीण मासे घेऊन येते. एकदा कुंदाताई एक सरंगा हातात धरून भाव विचारत होत्या आणि वरून एकामागून एक विमानं जात होती. तिसऱ्यांदा “हिराबाई, हा सरंगा...” ऐकल्यावर हिराबाईने टोपलीच उचलली. “आज्ये, तुमी दर टायमाला पयल्यापासून कशाला बोलता? मावरा नासंल माजा! घ्यायचा हाय का नाय?”

“घ्यायचाय,” कुंदाताई म्हणाल्या, आणि खूश होऊन माझ्याकडे वळल्या, “हे ओके झालं.”

आता आमच्या भजनी मंडळाचं सांगते. दर मंगळवारी दुपारी माझ्याकडे बायका जमतात. मंडळाची प्रमुख मी. कारण मला गाणं येतं हे नव्हे. पेटी माझी आहे, हे. कुंदाताई आल्या आणि मागच्या ओळीत टाळ घेऊन बसल्या. पहिल्याच अभंगात मला मागून एक सूर केसभर खाली ऐकू आला. मी पेटी वाजवता वाजवता तर्जनी वर केली, ‘वर घ्या’ अशी. कळलं नसेल म्हणून तोंडानेही बजावलं. बाकीच्या बायकांचे टाळ थांबले. कुंदाताई माझ्या बोटाकडे बघतच राहिल्या. मग पदराने डोळे टिपले आणि सूर अलगद वर घेतला. मला वाटलं, लागलं बाईंना. पण पुढच्या मंगळवारी त्या थेट पेटीसमोर येऊन बसल्या. “इथून तुझं बोट दिसतं,” म्हणाल्या.

मग काय विचारता! माझ्या बोटाला शिंगं फुटली. मी दर कडव्याला ते नाचवायला लागले. एकदा तर मोठ्या मनाने सांगितलं, “कुंदाताई, कान चांगला आहे हो तुमचा. लहानपणी शिकला असतात तर नाव काढलं असतंत.”

“हो ना,” त्या म्हणाल्या, “राहूनच गेलं.”

इथे मला माझ्या एकोणिसाव्या वर्षाबद्दल सांगणं भाग आहे, म्हणजे पुढची फजिती नीट कळेल. त्या काळात रेडिओ लावला की नीलप्रभा. नुसतं नीलप्रभा, आडनाव नाही. नायिका कुठलीही असो, पडद्यावर तोंड उघडलं की आवाज नीलप्रभाचा. मीही वेणी पुढे घेऊन, डोळे मिटून, घरी येईल त्या पाहुण्याला तिची गाणी ऐकवायची. माझी ठाम समजूत होती की आम्हा दोघींच्या आवाजात तसूभर फरक नाही. तिच्याकडे माइक आहे, एवढंच. कुणीतरी संगीतकार पनवेलच्या स्टँडवर एसटीतून उतरेल, माझा आवाज ऐकेल आणि मला घेऊन जाईल, म्हणून मी खिडकीत बसून गायची. उतरले ते मला बघायला आलेले आमचे हे. लग्नानंतर मी त्यांना नीलप्रभाचं सगळ्यात गाजलेलं विरहगीत म्हणून दाखवलं. म्हणाले, “नायक का निघून गेला, ते आज कळलं.”

तर गेल्या वर्षी एक दिवस जिन्यात हार, शाल, श्रीफळ घेतलेली मंडळी भेटली. मुंबईहून आली होती. “नीलप्रभाजी इथेच राहतात ना?” मी हातातली कोथिंबिरीची जुडी हलवत त्यांना हसले. “नीलप्रभा? पनवेलला? खारघरला बघा, तिकडे मोठमोठे टॉवर आहेत. इथे आम्हीच राहतो.” बिचारे खाली उतरले, फोन केला आणि परत वर आले. समोरचं दार उघडलं. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या गृहस्थाने उंबऱ्यातच कुंदाताईंच्या पायावर डोकं ठेवलं. माझी जुडी तिथेच खाली पडली.

संध्याकाळी त्यांनी मला चहाला बोलावलं. अगदी सहज सांगत होत्या, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तशा. माइकसमोर ‘भ’ म्हटलं की तोंडातली हवा त्याच्यावर आपटून फट्‌कन आवाज होतो, म्हणून मान वळवायची. पाटल्या वाजतात, रेशमी साडी सळसळते, म्हणून सगळं वर्ज्य. गाणारी आणि वाजवणारे एकाच वेळी. कुणा एकाचं चुकलं की सगळ्यांनी मुखड्यापासून, काचेपलीकडून ‘ओके’ येईपर्यंत. “आणि रेगे रेकॉर्डिस्ट होते. काचेच्या पलीकडे बसायचे. मी गात असताना त्यांना बोलता यायचं नाही, मग बोटाने सांगायचे. वर. खाली. लग्नानंतर घरीसुद्धा तेच. मी रियाजाला बसले की हे समोर, बोट तयार.”

हे त्या सांगत होत्या आणि मी काय विचारावं? “अय्या, आणि त्या झोपाळ्याच्या गाण्यातली साडी खरंच पिवळी होती का हो?” त्या हसल्या. म्हणाल्या, “मला काय ठाऊक? मी काळोख्या खोलीत भिंतीकडे तोंड करून गायले.” मग दारापर्यंत सोडायला आल्या. “मंगळवारी येते हं. नेहमीसारखी.”

नेहमीसारखी! मी त्या मंगळवारी मधोमध खुर्ची मांडली, वर गालिचा, समोर सोसायटीच्या गणपतीतला माइक. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या आणि टाळ खाली ठेवून ऐकायलाच बसल्या. कुंदाताई दारात क्षणभर थबकल्या. मग खुर्चीवर बसून एकट्याच गायल्या. वय बोलत होतं. वरचा सूर लागला नाही, चांगलाच खाली राहिला. माझं बोट आपोआप उचललं गेलं. मी ते दुसऱ्या हातात घट्ट धरलं आणि मोठ्याने म्हणाले, “वा! वा!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या मंगळवारी त्या आल्या नाहीत. घसा बसलाय म्हणाल्या. त्याच्या पुढच्या मंगळवारीही नाहीत. आम्ही टाळ कुटले, पण पेटीसमोरची जागा रिकामी, आणि मला बोट करायला कुणी नाही. मी ज्येष्ठमधाचा काढा केला आणि समोरचं दार वाजवलं. घसा ठणठणीत होता. त्या खिडकीशी बसून शेंगा सोलत होत्या.

मी काढ्याचं भांडं पुढे केलं. “ताई, आमचं काही चुकलं का?”

त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या. पाटल्या काढून रुमालात गुंडाळल्या. मग सुरुवात केली, “भजनात बोट...” तेवढ्यात विमान आलं. त्यांनी हात वर केला. आम्ही दोघी थांबलो. तळ्यावरून, पलीकडच्या इमारतींवरून ते सावकाश गेलं. खिडकीची काच थरथरली आणि शांत झाली. मग त्या पुन्हा मुखड्यापासून बोलल्या, आणि या खेपेला ‘भ’ला मानसुद्धा वळवली नाही.

“भजनात बोट का आवरलंस गं, शरू? सूर खाली होता माझा. मला कळला, तुलाही कळला, आणि तू वा वा केलंस. वा वा करणारे मला जन्मभर मिळाले. बोट दाखवणारे एक रेगे होते, ते गेले. मग इतक्या वर्षांनी पेटीमागून तुझं बोट वर झालं, तेव्हा वाटलं, काचेपलीकडे कुणीतरी आहे अजून. मंगळवारी येते मी. ती खुर्ची नि तो माइक हलव तिथून. आणि एक सांगू? तुझा सूर पहिल्या दिवसापासून चढा लागतोय. आता माझंही बोट बघत जा.”