जग आटल्यानंतरचा चहा

जेवणाच्या टेबलावरचं जग संपून तीन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून घरातली माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवत होती. कवळीवाल्याने टेबलभर वाळवंट पसरलं होतं. दिवसा तो दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून द्यायचा आणि उरलेल्या वेळात उरलेल्या मालातून हे जग घडवायचा. डोंगर जबड्याच्या साच्यांच्या प्लास्टरचे होते, माणसं कवळीच्या हिरड्या करायच्या गुलाबी मसाल्याची होती आणि राक्षसांना त्याने हौसेने कवळीचे अस्सल दात बसवले होते. त्यामुळे त्या उजाड जगात अन्न नव्हतं, पाणी नव्हतं, पण दातदुखी कुणालाच नव्हती.

खेळ साधा होता. जगातलं पाणी आटलंय, शहरं मोडलीत, एकच विहीर उरली आहे. खेळणाऱ्याने त्या जगातला एक माणूस व्हायचं, आपण काय करणार ते तोंडाने सांगायचं आणि जमतंय की नाही ते फासा टाकून ठरवायचं. कवळीवाला सूत्रधार. वाऱ्याधुळीपासून राक्षसांपर्यंत बाकीचं सगळं त्याने बोलायचं. त्याच्या नियमांचं बाड एवढं जाड झालं होतं की वरच्या फळीवरचा डबा काढायचा असला की बायको त्यावर चढायची.

आज दुपारी असले खेळ छापणारे एक प्रकाशक घरी येऊन तो खेळून बघणार होते. त्यांना आवडला तर छापणार. नाही आवडला तर टेबल रिकामं करायचं, असं नवराबायकोत ठरलं होतं. बायको काही वाईट नव्हती. तिला फक्त स्वतःच्या घरात खुर्चीवर बसून जेवायचं होतं.

ऐन वेळी खेळायला येणाऱ्या दोन्ही मित्रांनी काखा वर केल्या. एकाला ताप भरला आणि दुसऱ्याला तापाच्या माणसाजवळ बसणं अचानक फार गरजेचं वाटू लागलं. शेवटी बायकोला बसवलं आणि चार दिवस राहायला आलेल्या सासूबाईंनाही बसवलं. सासूबाईंनी हे वय भातुकलीचं आहे का, असं विचारलं खरं, पण खुर्ची मात्र चांगली पुढे ओढून घेतली.

प्रकाशक उंच, किरकोळ आणि मोजकं बोलणारे होते. जग बेचिराख करायला सगळ्यांनाच जोर येतो, पण पुढे त्या राखेचं काय करायचं हे कुणाला सुचत नाही, अशी त्यांची तक्रार होती. रोज एखादा तरी असा खेळ त्यांच्याकडे यायचा आणि प्रत्येकात त्याच बंदुका, तेच राक्षस.

"तुमच्यात वेगळं काय?" त्यांनी बसता बसता विचारलं.

"एक नियम," कवळीवाला म्हणाला. "टेबलावर पडेल ते जगात घडेल. मागे घ्यायचं नाही. गेलेलं जग परत येत नाही ना, तसंच."

प्रकाशकांनी एक भुवई उचलली. ती कौतुकाची की कीव आल्याची, हे कळायला मार्ग नव्हता.

प्रकाशक गंजकी बंदूक घेतलेले एकटे वाटसरू झाले. बायको विहिरीवरची पहारेकरीण झाली. सासूबाईंनी मात्र दुसरं कुणी व्हायला साफ नकार दिला. "मी मीच राहते. आता या वयात आणखी कोण होऊ?" त्यामुळे त्या भीषण वाळवंटातून एक बंदूकधारी चालला होता आणि त्याच्या मागून हातात पर्स घेऊन सासूबाई.

खेळ बाडाबरहुकूम पुढे सरकला. धुळीचं वादळ झालं, तहान लागून झाली, लांबून एक राक्षस हसतानाही दिसला. प्रकाशकांनी घड्याळाकडे पाहिलं. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं. कवळीवाल्याचा आवाज खाली खाली जाऊ लागला आणि तो बाडात आणखी खोल डोकं घालून बसला.

तेवढ्यात बायकोने चहा आणला. टेबलावर वीतभर जागा नव्हती. कप कुठे ठेवू, असं सासूबाईंनी विचारलं तेव्हा कवळीवाला राक्षसाच्या पंज्याचा हिशोब करण्यात गुंतला होता.

"डोंगरावर ठेवा, आई," तो मान वर न करता म्हणाला. "वरून सपाट आहे तो."

तो डोंगर मुळात कुणाचा तरी वरचा जबडा होता आणि सपाट दिसला तरी टाळूला उतार असतोच. कप घसरला. भरलेला चहा डोंगर उतरून रस्त्यावर आला, मोडक्या शहराला वळसा घालून वाळवंटात शिरला आणि पसरत गेला. कवळीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे धरायचं नाही हं," तो धडपडत उठला. "फडकं आणतो."

"पडलं ना टेबलावर?" प्रकाशक म्हणाले.

तो खाली बसला. बाडात वादळांचे नाना प्रकार होते, तहानेचे त्याहून जास्त होते, पण पुराबद्दल एक ओळ नव्हती. पाणी नाही यावरच तर सगळा खेळ उभा होता. त्याने बाड मिटलं आणि बऱ्याच दिवसांनी नुसतं टेबलाकडे पाहिलं. चहा अजून सरकत होता. एकेका गुलाबी माणसाच्या पायाशी पोचत होता.

"डोंगरामागून आवाज येतोय," तो हळू म्हणाला. "असा आवाज तुमच्यापैकी कुणी कधी ऐकलेला नाही. आधी माती ओली होते. मग पाणी दिसतं. कोमट आहे, तांबूस आहे. घोट्यापर्यंत येतं आणि थांबत नाही."

मग बायकोने रिकामी ओंजळ पुढे केली. "मी पिऊन बघते."

"गोड आहे," तो म्हणाला.

ती ओंजळीकडे बघत राहिली. "माझ्या मुलीने पाणी कधी वाहताना पाहिलेलंच नाही," ती म्हणाली. पहारेकरणीला मुलगी आहे हे कवळीवाल्याला माहीत नव्हतं. बायकोलाही ते बोलून झाल्यावरच कळलं असावं.

पण पाण्याबरोबर एक पंचाईतही आली होती. विहीर ताब्यात ठेवून सगळ्यांना नाचवणारा विहीरसम्राट, त्याचा किल्ला, त्याचं सैन्य, शेवटची लढाई, हे सगळं आता कशासाठी? समोर तळं असताना विहिरीसाठी कोण लढणार? सम्राटाने यायला तर हवंच होतं. कवळीवाल्याने सम्राटाची सोन्याच्या दाताची मोठी बाहुली उचलून काठावर ठेवली. "सम्राट आलाय. एकटाच. सैन्य पाणी प्यायला पळालं."

प्रकाशकांनी ताबडतोब बंदूक रोखली आणि फासा उचलला. बिचारे मघापासून त्याचीच वाट बघत होते.

"थांबा हो," सासूबाई म्हणाल्या. "त्या माणसाचा धंदा बसलाय, आणि त्यात तुम्ही त्याला गोळी घालताय?" मग त्या थेट सम्राटाकडे वळल्या. "विहीर खणली कुणी होती?"

"माझ्या वडिलांनी," सम्राट म्हणाला, म्हणजे जावई म्हणाला, आणि स्वतःच चकित झाला. सम्राटाला वडील असल्याचं बाडात कुठेच नव्हतं.

"मग खणण्यातलं तुम्हालाही कळत असेल. आता लांबलांबून माणसं येतील. सगळी एकाच काठावर कशी मावतील? पाट काढायला घ्या."

सम्राटाने मान खाली घातली आणि बरं म्हटलं. प्रकाशकांच्या हातातला फासा हातातच राहिला.

बोलता बोलता सासूबाईंना दिसलं की चहा टेबलाच्या कडेशी पोचलाय आणि आता खाली गालिच्यावर सांडणार. जन्मभराच्या सवयीने त्यांनी मांडीवरचा पांढरा नॅपकिन उचलला आणि वाळवंटाच्या दक्षिण टोकावर पसरला. सगळे थिजले. सासूबाईंनाही आपण काय केलं ते कळलं, पण हात मागे घ्यायचं धाडस त्यांना होईना. नॅपकिन सावकाश भिजत होता.

"आता?" प्रकाशकांनी विचारलं. हा आवाज परीक्षा घ्यायला आलेल्या माणसाचा नव्हता.

कवळीवाला नॅपकिनकडे झुकला. "आभाळ खाली येतंय," तो म्हणाला. "पांढरं आहे. कड दिसत नाही इतकं मोठं. कसलाही आवाज नाही. ते पाण्यावर टेकतं आणि पाणी वर चढायला लागतं. जो जिथे आहे तो तिथेच उभा आहे."

चौघंही तिथेच होती, खुर्च्यांवर, आणि त्या काठावरही होती. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, पण तो आवाज फार दुरून येत असल्यासारखा वाटला.

"मी बंदूक खाली ठेवतो," प्रकाशक म्हणाले. फासा कुणीच मागितला नाही.

बायको नवऱ्याकडे बघत होती. "तुम्ही तीन वर्षं हे बघत होतात?"

"नाही," तो म्हणाला. "मीही आजच बघितलं."

निघताना प्रकाशकांनी ते बाड हातात घेतलं, वजनाचा अंदाज घेतला आणि परत ठेवलं. "हे टाकून द्या. तो एक नियम ठेवा आणि बाकीचं एका पानात बसवा. छापतो मी." कवळीवाल्याला हसावं की रडावं ते कळेना, त्यामुळे त्याने दोन्ही थोडं थोडं केलं. बायकोने टेबलाकडे पाहिलं. ते आता कधीच रिकामं होणार नव्हतं. तिने फक्त एवढंच विचारलं, की पुन्हा कधी बसायचं.

प्रकाशक दाराशी बूट घालून झाल्यावरही घुटमळत राहिले. शेवटी संकोचून त्यांनी आवाज खाली आणला.

"ते पांढरं... ते पुन्हा येईल का?"

कवळीवाल्याला खरंच माहीत नव्हतं. त्याने सासूबाईंकडे पाहिलं. त्या मोरीत पाठमोऱ्या उभ्या राहून नॅपकिन पिळत होत्या.

"ते तुम्ही सगळे कसे वागता त्यावर आहे," त्या म्हणाल्या.

प्रकाशकांनी मान डोलावली आणि जाताना दार अगदी हलक्या हाताने लावून घेतलं.