शिरूर बघायचं राहिलं

कळंबच्या घाटावर कुंडलिक आबांचा दहावा होता. पिंड मांडून झाले होते आणि कावळा बाभळीवरून उतरायला तयार नव्हता. कावळा शिवल्याशिवाय पंगत बसत नाही. ऊन चढलं तशी पाहुण्यांना आबांपेक्षा जेवणाची काळजी जास्त वाटू लागली. आबांची बायको साळुबाई मात्र पिंडावरची नजर काढत नव्हती. नवरा अधांतरी अडकलाय, एवढंच तिला कळत होतं.

मुलगा भरत पुढं झाला. त्यानं हात जोडून आईला सांभाळायचा शब्द दिला, बहिणीला दर दिवाळीला माहेरी आणायचं कबूल केलं. कावळा ढिम्म. मग आबांचे जुने सोबती सोपान घसा खाकरून म्हणाले, "भरत, त्याचं शिरूर बघायचं ऱ्हायलं."

हे सगळ्यांना पटलं. आबांचं मूळ गाव आंबेगाव. ते धरणाच्या पाण्यात गेलं आणि तालुक्याला तेवढं नाव उरलं. लोकसभेच्या मतदारसंघाला पूर्वी खेडचं नाव होतं. आपलं मत जातं कुठं ते बघायला आबा एकदा एसटीनं खेडला गेले आणि चहा पिऊन समाधानानं परत आले. पुढं मतदारसंघाची फेररचना झाली नि नाव पडलं शिरूर. आता तिकडं कधी नेतोस, असं आबा दर निवडणुकीला विचारत. कांदा निघाला की जाऊ, असं भरत दर निवडणुकीला सांगे.

श्रद्धांजलीला पुढारी चांगदेवराव आले होते. भीमाशंकरच्या डोंगरापासून थेट हडपसरपर्यंत पसरलेल्या मतदारसंघात त्यांना त्या दिवशी आणखी दोन दहावे गाठायचे होते. त्यांनी घाईनं माइक ओढला. "आबा, मतदारसंघाचं नाव आपण आंबेगाव करून घेऊ. हा माझा शब्द."

कावळा उडाला आणि पलीकडच्या काठावर कडुलिंबावर जाऊन बसला. चांगदेवराव घड्याळ बघत गाडीकडे निघाले.

तेव्हा साळुबाई उठली. आबांना भाकरी वाढताना बोलायची त्याच आवाजात ती पिंडापाशी म्हणाली, "अवो, तुमची राख ह्याच घोडनदीत सोडलीया. ही नदी शिरूरलाच जाती. कुनाच्या गाडीची वाट बघायला नगं. जावा आता निवांत."

कावळा आला आणि पिंडाला शिवला. लोक पंगतीकडं पळाले.

भरत हात धुवायला नदीत उतरला आणि तिथंच थबकला. खालच्या बंधाऱ्याला पाणी अडवायचे ढापे घातलेले होते. पाणी जागचं हलत नव्हतं. राखेबरोबर सोडलेली झेंडूची फुलं त्या ढाप्यांना टेकून कुजत होती. मागं वळला तर आई उभी.

"आई, हे पाणी..."

"मला बी दिसतंय. पावसाळ्यापतोर कुठं जायाचे न्हाईत ते." तिनं पदरानं डोळे पुसले. "जल्मभर लोकांच्या शब्दावर मत दिलं त्यांनी. आज माझ्या शब्दावर दिलं."