जिन्यातली दहा मिनिटं

फुकटात सुखी व्हायची युक्ती जगात फक्त मला सापडलीय, असं मी मागच्या सोमवारी छाती फुगवून बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आधी दूध उतरवा, उतू चाललंय!"

आमची तऱ्हा अशी. ती इस्पितळाच्या धुलाईघरात सकाळपाळीला, मी बिस्किटांच्या कारखान्यात खोकी चिकटवायला दुपारपाळीला. ती दोनला जिना चढते, मी दोन दहाला उतरतो. सगळा संसार मधल्या दहा मिनिटांत! पाळी सोडावी म्हटलं, तर महिना संपायच्या आधीच पगार संपतो. बरं, ती दहा मिनिटं घरात काढावीत, तर मोरीतली खरकटी भांडी दिसतात, गळका नळ दिसतो, आणि बोलणं तिकडेच वळतं.

म्हणून माझी युक्ती! घराला कुलूप घालायचं आणि दारासमोरच, गच्चीकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर बसायचं. थर्मासमधला चहा, दोघांत एक पेला, खिडकीतून येणारं ऊन. भांडी आणि नळ हे विषय बंद.

सोमवारी झकास जमलं. बायकोने चपला काढून पाय उन्हात पसरले आणि चादरींच्या ढिगात सापडलेल्या एकाच पायमोज्याची गोष्ट सांगितली. मी इतका हसलो की चहा नाकात गेला. तीही हसली. अकरा वर्षांच्या संसारात ती इतकं छान हसते हे मी विसरूनच गेलो होतो!

मंगळवारी खालच्या काकू कपडे वाळत घालायला वर आल्या.

"अगं बाई! घर सोडून जिन्यात?"

सरळ सांगायचं ना, की मजेत बसलोय! पण मला कसली लाज वाटली देव जाणे. तोंडातून निघून गेलं, "किल्ली हरवली, काकू."

झालं! "माझा भाऊच किल्लीवाला आहे," म्हणत काकूंनी बादली तिथेच टाकली आणि फोन लावला. भाऊ तीन मिनिटांत हजर! बायको मला कोपराने ढोसत होती. किल्ली तिच्याच हातात होती. ती तिने पटकन पायरीवर ठेवली आणि तिच्यावरच बसली.

"राहू द्या हो, सापडेल," मी म्हणालो.

"सापडेल कशाला? फोडतोच!" आणि दोन घावांत त्याने आमचं चांगलं दणकट कुलूप फोडलं.

आभार मानायला बायको सवयीने उठली. किल्ली टणटणत पायऱ्या उतरली आणि थेट काकूंच्या पायाशी! काकूंनी किल्लीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि डोळे पुसले.

"किल्ली असून घरात जाववत नाही? इतकं विकोपाला गेलंय?"

"अहो काकू, तसं नाही..."

"काही बोलू नका. मी बघते काय करायचं ते!"

त्या दिवशी मला कामावर उशीर झाला आणि मुकादमाने सगळ्यांसमोर माझी हजामत केली.

बुधवारी दोनला बघतो, तर जिन्यात सहा माणसं! काकू, किल्लीवाला, तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर आणि मी जन्मात न पाहिलेली आणखी तिघं. हेडमास्तरांनी नवऱ्याची कर्तव्यं सांगायला घेतली. नऊ मिनिटं! दहाव्या मिनिटाला आमचा चहाही तेच प्यायले.

"अहो, आम्ही सुखी आहोत!" बायको ओरडली.

"आवाज चढवू नकोस, बाळ," हेडमास्तर म्हणाले. "तिथेच तर सगळं बिघडतं."

गुरुवारीही तेच. माझ्या सुखाच्या युक्तीत आता मलाच बसायला पायरी मिळेना!

शुक्रवारी आम्ही चोरासारखे घरातच थांबलो. आतून कडी लावली. बघतो तर मोरीत भांडी वाट बघत होतीच. ती घासू लागली, मी विसळू लागलो. घासता घासता तिने चादरीत सापडलेल्या कवळीची गोष्ट काढली. मी असा हसत सुटलो की हातातलं पातेलं निसटलं, ते डब्यांच्या उतरंडीवर पडलं आणि सगळी उतरंड खणखणत जमिनीवर!

"हेडमास्तर, धावा!" बाहेरून काकू किंचाळल्या. "आता फेकाफेकीवर आलेत! भावाला फोन लावते!"

दारावर धडाधड थापा पडू लागल्या. मी ओले हात घेऊन उठलो, तर बायकोने मला खाली बसवलं.

"उघडू नका," ती म्हणाली. "भाऊ यायला तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात कवळी कोणाची निघाली ते ऐका. आणि हात चालू ठेवा, ते पातेलं परत विसळायला लागेल!"