पाच वळणांची सही

"मास्तर, पुन्हा काढा." बँकेतल्या बाईंनी कागद परत सरकवला. "नोंदीतल्या सहीला पाच वळणं आहेत. ह्याला तीनच."

मास्तरांना दरदरून घाम फुटला. लॉकर एकट्या त्यांच्या नावावर, लॉकरात त्यांचा आणि मास्तरीणबाईंचा पासपोर्ट, संध्याकाळी विमान, आणि परदेशात लेकीच्या कुशीत आठ दिवसांचा नातू! त्यात ह्या बाई त्यांच्याच विद्यार्थिनी. "पुन्हा काढा" हे शब्द चाळीस वर्षं मास्तरांच्या तोंडचे होते.

खरी गोम तीच. मास्तरांनी गावाला असं अक्षर शिकवलं, की सगळ्यांचं अक्षर मास्तरांसारखंच झालं. डॉक्टरांची चिठ्ठीसुद्धा वाचता यायची! मग माझं म्हणून वेगळं काय राहिलं, ही रुखरुख मास्तरांना लागली. त्यात लेकीनं फोनवर सांगितलं, "बाबा, इकडे कुणाचीच सही वाचता येत नाही." झालं! लॉकर घेताना मास्तरांनी झोकात पाच वळणांची, वर टिंबं दिलेली एक जगावेगळी सही ठोकली. बाईंनी नियमाप्रमाणे अंगठाही मागितला, तेव्हा मात्र त्यांनी बँक डोक्यावर घेतली होती.

"मी काय अंगठेबहाद्दर वाटलो तुला?"

शेवटी तोंड वाकडं करून अंगठा उमटवला, तो उमटवलाच.

आता चौथ्या कागदावर सहा वळणं झाली. पाचव्यावर एक टिंब हुकलं.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," मास्तरीणबाई कडाडल्या, "ही सही आहे की मांजरानं खेळलेली लोकर?"

"द्या इकडे, मास्तर," रांगेतला प्लंबर पुढे झाला. तोही जुना विद्यार्थीच. त्यानं नोंदीकडे एकदा पाहिलं आणि पाचही वळणं टिंबांसकट हुबेहूब काढली. रांगेनं टाळ्या वाजवल्या. मास्तरांचा चेहरा मात्र खर्रकन उतरला. ही सहीसुद्धा त्यांची एकट्याची नव्हती तर!

"मास्तर, अंगठा करा," बाई हळूच म्हणाल्या.

मास्तरांनी मान खाली घालून अंगठा शाईत बुडवला. बाईंनी भिंग लावून जुना ठसा पाहिला, नवा पाहिला, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"जुळला! मास्तर, कुठल्याही देशात जा, असा अंगठा दुसऱ्या कुणाचा सापडायचा नाही."

"दुसऱ्या कुणाचाच नाही?"

"कुणाचाच नाही."

मास्तरांनी प्लंबरकडे पाहिलं. "काढ बघू हा!"

प्लंबरनं हात जोडले.

विमानतळावर मास्तरीणबाई पाण्याची बाटली घेऊन मागे लागल्या. "अहो, तो काळा अंगठा धुवा आता."

"राहू दे गं," मास्तर अंगठा जपत म्हणाले. "नातवाला माझं अक्षर दाखवायचंय."